परिषदेंतला नवखा विद्यार्थी

विद्वानांची परिषद म्हटली कीं सामान्य माणसाच्या मनांत एक ठराविक चित्र उभें राहतें. व्यासपीठावर पांचसात प्रतिष्ठित मंडळी, समोर त्यांच्याच तोलाचे श्रोते, आणि दारापाशीं, आंत जावें कीं माघारी फिरावें या विवंचनेंत उभा असलेला एखादा विद्यार्थी. संगणकासाठीं आज्ञावली लिहिणारे लोक, ज्यांना व्यवहारांत सॉफ्टवेअरचे लोक म्हणतात, त्यांच्या परिषदा पुण्यामुंबईस भरतात. तेथेंही दाराशीं असा विद्यार्थी असतोच. तो आंत गेला तर त्याला काय मिळतें, आणि तो आल्यानें परिषदेस काय मिळतें, या दोन प्रश्नांचा विचार या भाषणांत करावयाचा आहे. पहिला प्रश्न प्रत्येक पालकास सुचतो. दुसरा सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु त्याचें उत्तर ठाऊक नसल्यामुळेंच पुष्कळ विद्यार्थी दारावरून परत जातात.

हा विद्यार्थी कोठून येतो हें प्रथम पाहिलें पाहिजे. पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, यवत मागें टाकल्यावर, सुमारें पन्नास किलोमीटरांच्या अंतरावर भांडगांव लागतें. तालुका दौंड. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा कालवा या तालुक्यांतून पुढें इंदापुराकडे जातो. त्या पाण्यावर ऊंस वाढला आणि उंसाबरोबर गुऱ्हाळें आलीं. दरवर्षीं तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे निघते ती याच रस्त्यानें. पुण्यास जावयाचें तर एस्. टी. आहे, आणि यवत-खुटबावच्या बाजूनें दौंडची आगगाडीही आहे. म्हणजे भांडगांव कांहीं दुर्गम नाहीं. अशा गांवांतील शेतकऱ्याचा मुलगा मराठी शाळेंतून दहावी होतो, पुढें एखाद्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकूं लागतो, आणि दुसऱ्यातिसऱ्या वर्षीं त्याच्या कानीं पडतें कीं पुण्यांत अमुक दिवशीं परिषद आहे व विद्यार्थ्यांस शुल्कांत सवलत आहे. त्याच्या बहिणीच्या कानींही हीच वार्ता पडते. जावयास दीड-दोन तास पुरतात. तरी पाऊल उचलत नाहीं. तेथें सगळे मोठमोठ्या कंपन्यांतले लोक, बोलणें इंग्रजींत, त्यांत आपण कोण, हा तो अडसर होय.

हा संकोच अगदींच निराधार आहे असें म्हणतां येणार नाहीं. या व्यवसायाच्या पहिल्या गाजलेल्या परिषदेंत नवख्याला खरोखरच जागा नव्हती. ऑक्टोबर १९६८ मध्यें जर्मनींतील गार्मिश या डोंगराळ गांवीं नाटो संघटनेच्या विज्ञान समितीनें सुमारें पन्नास तज्ज्ञांस निमंत्रण देऊन ही परिषद भरविली. यंत्रें वेगानें सुधारत होतीं. पण त्यांवर चालावयाच्या आज्ञावली वेळेवर पुऱ्या होत नसत, खर्च अंदाजाबाहेर जाई, आणि पुऱ्या झालेल्या कामांतही दोष राहत. या संकटावर उपाय शोधण्यासाठीं तें बोलावणें होतें. पूल बांधणाऱ्या अभियंत्याची शिस्त आज्ञावली लिहिणारानेंही पाळावी, हा विचार त्या परिषदेपासून रूढ झाला. त्याच वर्षीं मुंबईंत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. त्या काळीं मोठा संगणक एक सबंध दालन व्यापी आणि त्याला हात लावावयास मिळणें हेंच भाग्य समजलें जाई. तेव्हां निमंत्रितांची यादी अनुभवी लोकांचीच असावी हें स्वाभाविक होतें.

पुढें हें चित्र पालटलें, आणि त्यांत विद्यार्थ्यांचा वांटा फार मोठा आहे. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिनक्स लिहावयास घेतलें. आज इंटरनेटवरील बहुतेक सर्व्हर त्याच्यावर चालतात. बेल्जियममध्यें ॲंटवर्प येथें शिकत असलेल्या ड्रीस बायटार्ट यानें वसतिगृहांतील मित्रांच्या निरोपांसाठीं केलेली आज्ञावली २००१ सालीं ड्रुपल या नांवानें सर्वांस खुली केली. २००३ सालीं एकोणीस वर्षांच्या मॅट मलनवेगनें माइक लिटल यांच्या सहकार्यानें वर्डप्रेस सुरू केलें. हीं तिन्ही कामें मुक्त परवान्याचीं आहेत. म्हणजे त्यांचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा आणि आपली सुधारणा परत पाठवावी. अशा कामाचे कर्ते देशोदेशीं विखुरलेले असतात, म्हणून वर्षाकाठीं एकदां समोरासमोर बसण्याची गरज त्यांना विशेष भासते. ज्या कामाचा आरंभच विद्यार्थ्याच्या खोलींत झाला, त्याच्या परिषदेचें दार विद्यार्थ्यास बंद ठेवणें शोभलें नसतें.

पुण्याच्या दृष्टीनें या बाबतींत २०११ हें वर्ष लक्षणीय ठरलें. नेदरलंड्सच्या गिदो व्हान रोस्सम यांनीं निर्माण केलेली पायथन ही संगणकभाषा १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. तिची भारतांतील वार्षिक परिषद पहिलीं दोन वर्षें बंगळुरास भरली. तिसरी १६ ते १८ सप्टेंबर २०११ या दिवसांत पुण्यास, सेनापति बापट रस्त्यावरील सिंबायोसिस विश्वभवनांत झाली. त्या भाषेच्या घडणींत प्रमुख भाग घेणारे रेमंड हेटिंगर हे बीजभाषणासाठीं आले होते. त्यानंतर सात आठवड्यांनीं, ४ ते ६ नोव्हेंबर या तारखांस, फेडोरा नांवाची लिनक्स-प्रणाली वापरणारे आणि घडविणारे लोक पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जमले. १८५४ सालापासून अभियंते घडवीत आलेल्या आणि २०२२ मध्यें विद्यापीठ बनलेल्या त्या संस्थेच्या आवारांत दूरदेशींचे कर्ते आणि तेथलेच विद्यार्थी एकाच वर्गखोलींत बसले. हीच परिषद जून २०१५ मध्यें पुन्हां पुण्यास आली, ती एम्. आय्. टी. च्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत. ड्रुपलची आशियांतील पहिली मोठी परिषद १८ ते २१ फेब्रुवारी २०१६ या दिवसांत मुंबईस पवई येथील आय्. आय्. टी. मध्यें भरली. यांतील बहुतेक ठिकाणें शिक्षणसंस्थांचीं आहेत, ही गोष्ट पालकांनीं विसरूं नये. पंचतारांकित दालनाच्या पायऱ्या चढतांना जें दडपण येतें, तें महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर यावयाचें कारण नाहीं.

आंत गेल्यावर पहिला तास कठीण जातो. दाराशीं गळ्यांत घालावयाचें ओळखपत्र मिळतें. इतरांच्या पत्रावर नांवाखालीं कंपनीचें नांव असतें. नवख्याच्या पत्रावर महाविद्यालयाचें असतें, किंवा ती जागा कोरीच असते. व्याख्यान सुरू होतें आणि दहा मिनिटांत धागा सुटतो. वक्ता ज्या अवजारांची नांवें गृहीत धरतो तीं अभ्यासक्रमांत आलेलींच नसतात. सभोंवार माना डोलत असतात. विद्यार्थ्यास वाटतें कीं आपण एकटेच अज्ञ. वस्तुस्थिति अशी आहे कीं माना डोलावणाऱ्यांपैकीं पुष्कळांना तें सर्व समजत नसतें. या शास्त्राच्या शाखा इतक्या पसरल्या आहेत कीं एका शाखेंत वीस वर्षें घालविलेला माणूस दुसऱ्या शाखेच्या व्याख्यानांत विद्यार्थ्यासारखाच बसतो. फरक इतकाच कीं त्याला न समजण्याची संवय झालेली असते, आणि घरीं जाऊन काय पाहावयाचें हें तो लिहून घेतो. नवख्यानें तेंच करावें. एका तासांत तीन अनोळखी शब्द टिपले आणि ते कोणत्या अडचणीवर तोडगा म्हणून आले एवढें कळलें, तरी तो तास फुकट गेला नाहीं असें समजावें.

दुसरी अडचण भाषेची. मराठी माध्यमांतून आलेल्या मुलास इंग्रजी वाचतां येतें, ऐकलेलें बरेचसें समजतें; परंतु भरल्या सभेंत उभें राहून प्रश्न विचारावयाचा म्हणजे जीभ अडखळते. या ठिकाणीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अशा परिषदांस येणारे जपानी, जर्मन, ब्राझिलियन कर्तेही पुष्कळदां मोडक्या इंग्रजींतच बोलतात, आणि त्यांच्या मोडक्या वाक्यांतून नेमका मुद्दा उचलण्याची श्रोत्यांस संवय असते. तेथें व्याकरणाची परीक्षा कोणी घेत नाहीं. शिवाय परिषद पुण्यास असली तर चहाच्या वेळीं निम्मा ओटा मराठींतच बोलत असतो. सभेंत विचारावयाचा राहिलेला प्रश्न तेथें मराठींत विचारतां येतो, आणि उत्तरही अधिक सविस्तर मिळतें.

किंबहुना अनुभवी मंडळी सांगतात कीं परिषदेचा खरा लाभ दालनाबाहेरच्या ओसरीवर होतो. व्याख्यानें पुढें ध्वनिचित्रांच्या रूपानें घरबसल्या पाहतां येतात. ओसरीवरचा संवाद मात्र तेथें हजर असणाऱ्यालाच लाभतो. तो सर्वांस खुला राहावा म्हणून एरिक होल्शर या अमेरिकन गृहस्थांनीं एक साधा नियम सुचविला आहे. जपानांत १९८० सालीं निघालेल्या पॅक-मॅन या खेळांत तोंड उघडें ठेवलेलें एक वाटोळें चित्र असतें. माणसें कोंडाळें करून बोलत उभीं असतील तेव्हां त्यांनीं त्या चित्राप्रमाणें एका माणसापुरती जागा मोकळी ठेवावी, म्हणजे येणारा नवखा संकोच न करतां त्यांत सामील होईल. आणि तो आला कीं पुन्हां सरकून नवी जागा करावी. पंगतींत उशिरां आलेल्यासाठीं सरकून बसणें आपल्याकडे शिकवावें लागत नाहीं. पालखीच्या रस्त्यावर दिंडींत मध्येंच येऊन मिळणारा वारकरी भांडगांवच्या मुलानें लहानपणापासून पाहिलेला असतो. ही किती वर्षांची वारी, असा दाखला त्याच्याकडे कोणी मागत नाहीं. नियम परका असला तरी त्यामागची रीत त्याच्या ओळखीची आहे.

आतां परिषदेस विद्यार्थ्यापासून काय मिळतें, या दुसऱ्या प्रश्नाकडे वळावें. मुक्त परवान्याच्या अनेक परिषदांत व्याख्यानें आटोपल्यावर एक किंवा दोन दिवस प्रत्यक्ष कामासाठीं राखलेले असतात. जुने कर्ते टेबलें मांडून बसतात, प्रलंबित दोषांची यादी पुढें ठेवतात, आणि ज्याला जें झेपेल तें त्यानें उचलावें असें सांगतात. नवखा येथें हमखास मागें सरतो, कारण आपल्याला झेपेल असें कांहीं या यादींत असेल यावर त्याचा विश्वास नसतो. परंतु तो कांहीं अशा गोष्टी घेऊन आलेला असतो कीं ज्या त्या टेबलावर दुसऱ्या कोणापाशीं नसतात.

त्याच्या गांवच्या धंद्याचेंच नांव उदाहरणादाखल घ्यावें: गुऱ्हाळ. या शब्दांत 'ह' ला जोडलेला जो आडवा, पापणीसारखा 'र' आहे तो मराठीचा विशेष आहे. हिंदींत तो नाहीं. तो चुकला तर केवळ शोभा जाते असें नव्हे, अर्थही जातो. 'आचार्यांस बोलवा' म्हटलें तर गुरुजी येतील, आणि 'आचाऱ्यांस बोलवा' म्हटलें तर स्वयंपाकी येतील. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. जगांतील सर्व लिप्यांस संगणकांत स्थान देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली, आणि तिच्यांतील देवनागरीची मांडणी भारतांत ठरलेल्या इस्की या प्रमाणावरून घेतली गेली. तेव्हां अक्षर साठविण्याची सोय झाली. तथापि साठविलेलें अक्षर पडद्यावर योग्य आकारांत उमटविणें हें निराळें काम आहे. तें प्रत्येक फॉन्टानें आणि प्रत्येक प्रणालीनें स्वतंत्रपणें साधावें लागतें. 'ल' आणि 'श' यांचें मराठी वळण हिंदीहून भिन्न आहे, तेंही सांभाळावें लागतें. रेड हॅट कंपनीनें मुक्त केलेल्या लोहित या फॉन्टांवर पुण्यांतील अभियंत्यांनीं जें काम केलें, त्यांत असे बारकावे पदोपदीं येत.

बोस्टन किंवा बर्लिन येथील निष्णात कर्त्यास 'गुऱ्हाळ' हा शब्द पडद्यावर मोडला आहे हें डोळ्यांनीं दिसत असूनही कळणार नाहीं. भांडगांवच्या मुलास तें एका दृष्टिक्षेपांत कळतें. मग त्यानें करावयाचें काम अवघड नाहीं, पण शिस्तीचें आहे. कोणत्या यंत्रावर, प्रणालीच्या कोणत्या आवृत्तींत, कोणत्या कळा दाबल्या असतां, काय उमटलें आणि काय उमटावयास हवें होतें, हें सर्व क्रमानें लिहून सोबत पडद्याचें चित्र जोडावयाचें. शाळेंत विज्ञानाच्या प्रयोगवहींत साहित्य, कृति, निरीक्षण आणि अनुमान लिहिलेल्या मुलास ही पद्धति नवी नाहीं. अशी नोंद नीट लिहिली गेली तर दुरुस्तीचें निम्मे श्रम वांचतात, असें कर्ते स्वतः सांगतात. कधीं ती 'माहिती अपुरी' म्हणून परत येते. त्या वेळीं मानहानि न समजतां उणीव भरून ती पुन्हां पाठवावी. ती स्वीकारली गेली आणि दोष दूर झाला, तर त्या कामाच्या कायमच्या दप्तरांत विद्यार्थ्याचें नांव राहतें, आणि मराठी लिहिणाऱ्या सर्वांची एक अडचण दूर होते. भाषांतराचेंही तसेंच आहे. पडद्यावरच्या सूचना मराठींत आणतांना कोणता शब्द गांवच्या माणसास उमगेल आणि कोणता केवळ कोशांत शोभेल, याचा निवाडा शहरांत वाढलेल्या अभियंत्यापेक्षां तो अधिक खात्रीनें करूं शकतो.

ज्यास लिहिण्यापेक्षां बोलणें आवडतें त्याच्यासाठीं पांच मिनिटांच्या लघुभाषणांची प्रथा आहे. २००० सालीं अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें भरलेल्या पर्ल भाषेच्या परिषदेंत तिला इंग्रजींतून विजेच्या चमकेचें नांव मिळालें, आणि तेथून ती सर्वत्र पसरली. पांच मिनिटें संपलीं कीं घंटा होते आणि वक्त्यास उतरावें लागतें. एवढ्या अवधींत एकच गोष्ट सांगावयाची असल्यामुळें नवख्यासही ती पेलते. वरील दोन आचाऱ्यांची गोष्ट पांच मिनिटांत उत्तम बसेल.

येथें कांहीं इशारेही देणें अवश्य आहे. परिषदेच्या नांवाखालीं भरणारे सगळेच मेळावे सारखे नसतात. कांहीं ठिकाणीं मोठें शुल्क घेऊन दिवसभर कंपन्यांचा माल वर्णिला जातो. तेथें विद्यार्थ्यानें पैसे घालवूं नयेत. वक्ते कोण, ते स्वतः काम करणारे आहेत कीं विकणारे, विद्यार्थ्यांस सवलत किंवा प्रवासखर्चास साहाय्य आहे काय, प्रत्यक्ष कामाचा दिवस ठेवला आहे काय, आणि वर्तनाचे नियम छापून तक्रार कोणाकडे करावी हें सांगितलें आहे काय, एवढें पाहिलें म्हणजे पारख होते. मुलीस पाठविणाऱ्या आईबापांनीं शेवटची गोष्ट विशेष पाहावी. दुसरें असें कीं फुकट मिळणाऱ्या पिशव्या, सदरे आणि प्रमाणपत्रें यांसाठीं धांवणारा विद्यार्थी तेवढेंच घेऊन परत येतो. नोकरीची याचना पहिल्याच वाक्यांत करणाऱ्याशींही कोणी मोकळेपणीं बोलत नाहीं. कामाबद्दल विचारणाऱ्याशीं मात्र लोक तासन्‌तास बोलतात, आणि पुढें नोकरीच्या वेळीं त्यालाच ओळखतात.

तिसरी गोष्ट परतल्यानंतरची. जत्रेहून आलेला माणूस दोन दिवस जत्रेच्या गोष्टी सांगतो आणि मग विसरतो. परिषदेचें तसें होऊं नये म्हणून आठ दिवसांच्या आंत तीन गोष्टी कराव्या: टिपलेल्या शब्दांचा अर्थ शोधावा, भेटलेल्या दोघांतिघांस चार ओळींचें पत्र लिहावें, आणि उचललेलें एक काम, कितीही लहान असो, तडीस न्यावें. जमल्यास गांवच्या शाळेंत मुलांपुढें अर्धा तास बोलावें. म्हणजे पुढच्या वर्षीं दाराशीं एकट्याऐवजीं दोघे उभे राहतील.

अखेरीस पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांविषयीं. परिषद सकाळीं नवास सुरू होते आणि सायंकाळीं उशिरां संपते. दोनतीन दिवस चालते. भांडगांवच्या विद्यार्थ्यास रोज पहाटे निघून रात्रीं परतणें जड जातें, आणि वसतिगृहांत किंवा खानावळींत राहणें खर्चाचें होतें. पूर्वी पुण्यांत गरीब विद्यार्थी सात घरीं सात वार जेवून शिकत. त्या वारांना जातीचीं कुंपणें होतीं, आणि देणाऱ्याच्या नजरेंत उपकाराची भावनाही पुष्कळदां असे. तीं कुंपणें आणि ती नजर वगळून ती रीत नव्यानें सुरू करण्याजोगी आहे. ज्यांच्या घरांत कोणी या व्यवसायांत आहे, त्यांनीं परिषदेच्या दिवसांत आसपासच्या तालुक्यांतील एका विद्यार्थ्यास दोन रात्री घरीं उतरूं द्यावें, सकाळीं आपल्याबरोबर न्यावें, आणि ओसरीवर पहिल्या दोन माणसांशीं त्याची ओळख करून द्यावी. तिसऱ्या माणसाशीं तो स्वतः बोलेल. त्यासाठीं वर्गणी लागत नाहीं, समिति नेमावी लागत नाहीं. एक गादी आणि एक शिफारसीचा शब्द पुरतो. ज्या विद्यार्थ्याला आपली अक्षरें पडद्यावर नीट उमटावींत याची तळमळ आहे, तो दारावरून परत गेला तर नुकसान त्याच्या एकट्याचें होत नाहीं. मराठी लिहिणाऱ्या प्रत्येक घराचें होतें.